परक्लोरेट काढलं, आता ॲल्युमिनियमचं काय?

घन इंधनाच्या अग्निबाणात भरलेला ऐवज म्हणजे मुळात एक रबर असतं. ऑक्सिजन पुरवणाऱ्या क्षाराचे कण आणि धातूची भुकटी त्यात कालवून घट्ट केलेली असते. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये ६९.६ टक्के अमोनियम परक्लोरेट होतं आणि १६ टक्के ॲल्युमिनियम. परक्लोरेटच्या वजनात जवळजवळ ३० टक्के क्लोरीन असतं. इंधन जळताना त्याचा हायड्रोजन क्लोराइड वायू होतो आणि ओलावा मिळाला की हायड्रोक्लोरिक आम्ल. शिवाय न जळलेलं परक्लोरेट भूजलात उतरलं, तर ते थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही.

मग क्लोरीन नसलेला क्षार वापरा, असं कुणीही म्हणेल. अमोनियम नायट्रेट आहेच की! स्वस्त आहे, आणि जळून उरतं ते नायट्रोजन, पाणी, थोडा ऑक्सिजन. (ते ओलावा शोषतं आणि ३२ अंशांच्या आसपास स्फटिकरचना बदलून फुगतं, ही डोकेदुखी वेगळीच.) पण परक्लोरेटच्या जागी नायट्रेट घालून बाकी कृती तीच ठेवली, की ॲल्युमिनियम असहकार पुकारतं.

कारण त्याच्या सालीत आहे. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, साल मात्र २०५० अंशांच्या पुढे. परक्लोरेटची ज्वाला पृष्ठभागाला अगदी लगटून आणि कडक असते, त्यामुळे कण लवकर पेटतात. नायट्रेटची ज्वाला थंड, आणि विघटन होताना ते आधी उष्णता खातं. तोवर धातूचे कण पृष्ठभागावर रेंगाळतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचे मोठाले गोळे होतात. मग हे गोळे अर्धवट जळूनच नोझलबाहेर पडतात. उष्णता वाया जाते आणि जड थेंब वायूच्या वेगाला मागे ओढतात.

मॅग्नेशियमचं तसं नाही. त्याचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कमी जागा व्यापतो, त्यामुळे साल तडकते. धातू १०९० अंशांना उकळतो आणि वाफ होऊन पेटतो. ग्रॅममागे उष्णता मात्र सुमारे २५ किलोजूल, ॲल्युमिनियमची ३१. म्हणून दोघांचा मिश्रधातू घेतात: एक पेटवतो, दुसरा तापवतो.

कण नॅनो आकाराचे केले तर ते खूपच सहज पेटतात. ऑगस्ट २००९ मध्ये नॅनो ॲल्युमिनियम आणि बर्फ एवढ्याच इंधनावर ‘ॲलिस’ नावाचा छोटा अग्निबाण उडाला होता. पाण्यातलाच ऑक्सिजन धातूने घेतला, बाहेर पडला हायड्रोजन! मला हा प्रयोग फार आवडतो, पण व्यवहारात नॅनो भुकटीचा बराच भाग सालच असतो, आणि मिश्रण इतकं दाट होतं की साच्यात ओतणं जिकिरीचं.

तिसरी वाट जरा तिरकी आहे. परक्लोरेट तसंच ठेवायचं आणि ॲल्युमिनियममध्ये लिथियम मिसळायचं. लिथियम क्लोरीनला धरून त्याचं मीठ करतं. शिवाय ते ॲल्युमिनियमच्या कितीतरी आधी उकळतं, त्या वाफेने वितळलेला थेंब आतून फुटतो आणि गोळ्याच्या ठिकऱ्या होतात. म्हणजे आम्ल घटतं आणि ज्वलनही सुधारतं. अडचण साठवणीत आहे: या मिश्रधातूला हवेतला ओलावा सोसत नाही.