माळढोक, गट नंबर आणि आपला सातबारा

राम राम मंडळी. माझ्या मागं हे जे गवताचं रान दिसतंय, ते नान्नजचं. सोलापुरातून बार्शी रस्त्यानं निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर. कोरडवाहू माळ, मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, कडेला मेंढरं. इथला माळढोक पक्षी सगळ्या देशाला माहीत आहे. आणि त्याच्यावरून इथले शेतकरी चाळीस-पंचेचाळीस वर्षं चिडलेले आहेत, ते फक्त इथल्यांना माहीत आहे.

परवा एका ग्रामसभेत बसलो होतो. विषय निघाला पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे इको सेन्सिटिव्ह झोनचा. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "पाखरू आमच्या बापाच्या आधीपासनं हितं हाय. आम्ही कधी दगूड मारला न्हाई. मग बंदी आमच्यावरच का?" सभा गप्प झाली. ग्रामसेवकांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. घरी येऊन कागद काढले. आज तेच तुमच्यापुढं मांडतो.

आधी मागची गोष्ट, कारण राग तिथून आलाय. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? 8,496 चौरस किलोमीटर. आपला अख्खा सोलापूर जिल्हा 14,895 चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे बघा. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडं नगरकडचे तालुके. वनखात्याची जमीन त्यात थोडीच, बाकी सगळी लोकांच्या नावावरची. गावं आत, शाळा आत, सोलापूर शहरसुद्धा आत. नकाशावर रेघ मारणाऱ्यानं शिवार बघितलंच नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चा. त्यातलं कलम 20 सांगतं की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीत वारसाहक्क सोडून कुणालाही नवा हक्क मिळणार नाही. साध्या भाषेत, बाप वारला तर पोराचं नाव लागेल, पण विकायची म्हटली तर अडकली. कायद्यानं कलेक्टरनं लोकांचे हक्क तपासून निकाल द्यायचा असतो. ते काम रेंगाळलं की माणूस मधेच लटकतो.

आमच्या घरात हे घडलंय. चुलत्यांना दवाखान्यासाठी दोन एकर विकायचं होतं. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला. एका कार्यालयात सांगितलं, या गटाचं खरेदीखत होणार नाही. लेखी मागितलं तर लेखी दिलं नाही. चुलत्यांनी सावकाराकडनं पैसे उचलले. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरात चार दिवस चूल नीट पेटली नव्हती, ते आठवतंय. गावात याला म्हणतात "जमिनीवर शिक्का पडला". हा शब्द आजही ऐकला की माणसं दचकतात.

पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि क्षेत्र कमी होऊन साधारण 1,200 चौरस किलोमीटरवर आलं. बऱ्याच गावांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग हा दुसरा शब्द आला, इको सेन्सिटिव्ह झोन. लोकांना वाटलं, सोडलेली जमीन मागच्या दारानं परत घेतायत.

इथं नीट लक्ष द्या. अभयारण्य वेगळं आणि झोन वेगळा. अभयारण्य 1972 च्या कायद्याखाली. झोन निघतो 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा पट्टा म्हणून. कलम 20 ची खरेदी-विक्रीची बंदी झोनला लागू नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार तुम्हीच राहता. ग्रामसभेत निम्मी भीती या दोन गोष्टींच्या गोंधळातून येते. त्यात 3 जून 2022 ला सुप्रीम कोर्टानं किमान एक किलोमीटरचा पट्टा ठेवा असं सांगितलं, तेव्हा देशभर गावं हादरली. 26 एप्रिल 2023 ला कोर्टानंच तो आदेश बदलला, सरसकट एक किलोमीटर नको म्हणून. पहिली बातमी व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडं पोचली. दुसरी किती जणांकडं पोचली?

मग झोनमध्ये बंद काय? दगडखाणी, खडी क्रशर, नव्या वीटभट्ट्या, सॉ मिल, प्रदूषण करणारे कारखाने, घाण पाणी तसंच ओढ्यात सोडणं. परवानगी लागते ती हॉटेल-रिसॉर्ट, झाडतोड, विजेच्या तारा, रस्ता रुंदीकरण, विक्रीसाठी पाणी उपसा अशा कामांना. आणि चालू शेती, फळबाग, दुधाचा धंदा? चालू राहतो. स्वतःच्या जमिनीत स्वतःला राहायला घर? बांधता येतं, नियमात बसवून. शेतजमिनीचे प्लॉट पाडून विकायचे असतील, तर मात्र अडचण आहे. म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो, विरोधाच्या बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघा. ज्वारी पेरणारा आणि क्रशर चालवणारा यांचं दुखणं एक नाही. आपल्या खांद्यावरून दुसऱ्यानं बंदूक चालवू नये.

पण म्हणून शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही. प्रारूप अधिसूचना निघाली की हरकतीला साठ दिवस मिळतात. राजपत्र छापलं जातं इंग्रजीत आणि हिंदीत. सीमा दिलेली अक्षांश-रेखांशात. माढ्यातल्या म्हातारीनं तिचा गट आत का बाहेर, हे कसं ओळखायचं? अंतिम अधिसूचनेनंतर राज्य सरकारनं दोन वर्षांत, स्थानिकांशी बोलून, विभागीय बृहत् आराखडा करायचा असतो. कुठं काय चालेल हे त्यात ठरतं. तो हातात नसेल, तर विजेच्या डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) पोल टाकायचा म्हटलं तरी प्रत्येक टेबलावर "वनखात्याला विचारा" एवढंच ऐकायला मिळतं. लिहिलेल्या बंदीपेक्षा ही न लिहिलेली बंदी जास्त मारते.

आता मला सगळ्यात जास्त सलतं ते सांगतो. माळढोक इथं का राहिला? आपला भाग रब्बीचा. मालदांडी ज्वारी पेरायची ती पावसाळा सरता सरता. खरिपात रान मोकळं. आणि माळढोकाचा विणीचा काळ पावसाळ्यातच. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुधा एकच. मोकळं रान, गवत, त्यात नाकतोडे, पुढं ज्वारी. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या पीकपद्धतीनं हे पाखरू जगवलं. पुढं भीमेवर उजनी झालं, पाणी आलं, ऊस आला. नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांनी सोनाका द्राक्ष दिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे, माळावरच्या माणसानं गरिबीतून काढलेली ती वाट आहे. पण माळ आटत गेला. आता इथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

आणि झोनचा नियम काय म्हणतो? शेती चालू ठेवा. म्हणजे मी उद्या माझ्या रानातलं गवत नांगरून ऊस लावला, तर मला कुणी अडवेल असं वाटत नाही. शेजारचा मेंढपाळ रान पडीक ठेवतो, माळढोकाला जे हवं ते करतो, त्याला एक रुपया मिळत नाही. उलट काळविटांनी ज्वारी खाल्ली की नुकसानीच्या पंचनाम्यासाठी हेलपाटे तोच घालतो. गवत राखणाऱ्याला एकरी दरवर्षी पैसे द्या. ग्रामसभेच्या ठरावात नुसतं "झोन रद्द करा" लिहिण्याऐवजी ही मागणी लिहा. आणि गटनिहाय यादी मराठीत चावडीवर लावा, आराखड्याची तारीख लेखी द्या, हेही लिहा.

सभेनंतर त्या आजोबांच्या घरी गेलो. त्यांचे दोन गट नकाशावर बसवून बघितले. माझ्या मोबाइलवरच्या नकाशात तरी रेघ बांधावरून जाते, विहीर आत आणि डीपी बाहेर. विहिरीवर नवीन तार न्यायला परवानगी लागेल का, एवढंच विचारणारा अर्ज आम्ही कलेक्टर ऑफिसच्या नावानं लिहिलाय. सातबारा जोडलाय, ठरावाची नक्कल जोडलीय. सोमवारी आवकला देऊन पोच घेणार आहोत. उत्तर येईल ते तुम्हाला इथंच वाचून दाखवतो.