समुद्रावर नजर का फसते?

नमस्कार श्रोतेहो. गुहागर असो की मालवण, जिथे असाल तिथे हात लांब करा आणि अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटून बघा, मग उजवा. समोरच्या माडावरून अंगठ्याने बाजूला उडी मारली ना? आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोघांना चित्रं जराशी वेगळी दिसतात. एवढ्या फरकावरून मेंदू खोली ताडतो, हे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणाने, दाखवून दिलं.

मात्र अंतर दुप्पट झालं की हा फरक चौथाईवर येतो. मग मेंदू इतर खुणा धरतो. माडाने घर झाकलं, म्हणजे माड अलीकडे. डोंगर धूसर, म्हणजे लांब. म्हणूनच पाऊस सरल्यावर हवा धुतली गेली की सह्याद्री अंगावर आल्यासारखा वाटतो आणि एप्रिलच्या धुरकट हवेत तोच मागे सरकतो. समुद्रावर तर मधे झाड नाही, घर नाही. त्यामुळे ट्रॉलर आहे त्यापेक्षा जवळ वाटतो.

इथे मघाचा अंगठा कामाला येतो. हाताची लांबी डोळ्यांतल्या अंतराच्या साधारण दहापट असते. ट्रॉलर १५ मीटर लांब धरा. अंगठ्याची उडी चार ट्रॉलरांएवढी भरली, तर ६० मीटर. गुणिले दहा, म्हणजे अंतर सुमारे ६०० मीटर. ट्रॉलर आडवा दिसत असेल तरच हे जमतं. नाळ, म्हणजे त्याचं पुढचं टोक, आपल्याकडे असली की तो आखूड दिसतो आणि हिशोब फुगतो.

रात्री वेगळीच गंमत. एका चालीने सरकणारे दोन दिवे मन आपोआप एकाच होडीचे ठरवतं. मन दिसणाऱ्या गोष्टींचे गट कसे पाडतं, याचे नियम मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडले, त्यांपैकी हा एक. प्रत्यक्षात एक होडी दुसरीला ओढत नेत असेल!

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, नितळ पाण्यात तर हमखास फसगत. प्रकाश पाण्याबाहेर पडताना वाकतो, पण मेंदू तो सरळच आला असं धरून चालतो. चार फूट पाणी सरळ वरून बघितलं तर तीन फूट वाटतं, काठावरून तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. हे कारण ठाऊक असूनही डोळ्याला तळ वरच दिसत राहतो, तेव्हा उतरण्याआधी काठी टाकून बघा.