बागेचा खर्च बागेनेच भागवायचा तर

श्रोतेहो, नमस्कार. बागेने आपला खर्च आपणच भागवावा, असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिकीटखिडकी आणि खाण्याचे स्टॉल येतात. मोठ्या शहरी बागेचं एवढ्यावर सहसा भागत नाही. तिकीट लावलं की माणसं कमी येतात आणि वसुलीला माणसं लागतात. स्टॉलचा धंदा पावसात बसतो, पण गवत तेव्हाच सर्वांत जोरात वाढतं आणि माळ्याचं कामही वाढतं.

स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या बागांचं मोठं उत्पन्न येतं ते जमिनीच्या आणि इमारतींच्या भाड्यातून. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओचं उदाहरण घ्या. ही जुनी लष्करी छावणी, आता बाग झालेली. अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये कायदा करून तिच्यासाठी वेगळा ट्रस्ट नेमला आणि २०१३ पर्यंत सरकारी अनुदानाशिवाय चालण्याची मुदत घातली. ट्रस्टने सैनिकांची घरं आणि कचेऱ्या दुरुस्त करून भाड्याने दिल्या. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराचा मार्ग वेगळा होता. तिथे १९९२ मध्ये बागा सांभाळणाऱ्या पार्क्स ट्रस्ट या संस्थेला हिरव्या जमिनी ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाल्या आणि त्यांच्या जोडीला सुमारे २ कोटी पौंडांची मालमत्ता व गुंतवणूकही. नुसती जमीन दिली असती तर ते फक्त ओझं ठरलं असतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिज पार्कची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. नदीकाठची ही ८५ एकरांची बाग. राज्य आणि शहर यांच्यात २००२ मध्ये करार झाला, की देखभालीचा खर्च बागेनेच काढायचा आणि त्यासाठी २० टक्क्यांपेक्षा जास्त जागा बांधकामाला द्यायची नाही. काठावरच्या इमारती बागेला जमिनीचं भाडं देतात आणि मालमत्ता कराऐवजीची रक्कमही बागेलाच भरतात. एरवी हा पैसा शहराच्या तिजोरीत गेला असता. म्हणून 'स्वावलंबी' हा शब्द इथे थोडा जपून वापरलेला बरा.

या बागेचा मोठा खर्च मात्र पाण्याखाली आहे. तिचे धक्के पाण्यात रोवलेल्या हजारो लाकडी खांबांवर उभे आहेत. बंदराचं पाणी घाण होतं तोवर लाकूड पोखरणारे जीव तिथे फारसे टिकत नव्हते. पाणी सुधारलं तसे तेही परतले. काही जीव खांब बाहेरून कुरतडतात, तेव्हा तो मधेच डमरूसारखा बारीक झालेला दिसतो. शिंपल्यांच्या कुळातले काही आतून पोखरतात आणि वरून खांब धडधाकट वाटतो. म्हणून पाणबुडे उतरवून नियमित तपासणी करावी लागते. उपाय म्हणजे खांबाभोवती वेष्टण बसवून आत काँक्रीट किंवा इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर कडक होणारं रसायन, भरणं. असा खर्च हिरवळीच्या आणि दिव्यांच्या वार्षिक बजेटमध्ये दिसत नाही.

तेव्हा पहिल्याच वर्षी नूतनीकरणाचा निधी वेगळा काढावा. पंप १५ वर्षं चालणार असेल, तर नवा पंप घेण्याच्या खर्चाचा पंधरावा हिस्सा दरवर्षी बाजूला टाकायचा, आणि किंमत वाढली की तो हिस्साही वाढवायचा. पायवाटा, जलवाहिन्या, भिंती, सगळ्यांचं असंच. आणि हे खातं कुणाला उघडता येईल ते नियमावलीत आधीच लिहायचं, कारण पडून असलेला पैसा सगळ्यांनाच दिसतो. बाग कमवायला लागली की शहर आपलं अनुदान हळूच कमी करतं, तेव्हा त्याचीही किमान रक्कम करारात नोंदवलेली बरी.

उत्पन्न एकाच जागेवर टेकलेलं असलं की काय होतं, ते न्यूयॉर्कच्याच हडसन रिव्हर पार्कमध्ये दिसलं. तिथल्या पियर ४० या प्रचंड धक्क्यावरचं पार्किंग हा कमाईचा मोठा आधार होता, आणि त्याच धक्क्याचे पोलादी खांब गंजले. शेवटी तिथला न वापरलेला बांधकामाचा हक्क समोरच्या जागेला १० कोटी डॉलरला देऊन दुरुस्तीचे पैसे उभे करायचं ठरलं.

आता करारांविषयी. उपाहारगृहाचं भाडं 'किमान रक्कम किंवा विक्रीचा ठरलेला टक्का, यांतलं जे जास्त' असं ठेवावं. पण विक्री म्हणजे नक्की काय, कर धरून की वजा करून, घरपोच ऑर्डर धरून की नाही, हे लिहिलेलं नसलं की दरवर्षी भांडण ठरलेलं. बिलिंग मशीनची नोंद दरमहा मागवण्याचा आणि हिशेब तपासण्याचा हक्क बागेकडे हवा. विश्वस्त मंडळावरच्या कुणाचे त्या धंद्यात हितसंबंध असतील, तर त्याने त्या विषयापुरतं बैठकीतून उठून जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

कार्यक्रमांना हिरवळ भाड्याने देताना वर्षाचे दिवस आधीच ठरवून टाका, त्यात उभारणीचे आणि आवराआवरीचे दिवसही मोजा. तंबूला खुंट्या ठोकू देऊ नका; त्या जमिनीखालचे सिंचनाचे पाइप फोडतात. पाण्याने भरलेली वजनं वापरायला लावा. ओल्या जमिनीवर ट्रक गेला की माती दबते, हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. हे नुकसान दुसऱ्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी पिवळे पट्टे उमटतात. म्हणून आयोजकाची अनामत निदान महिनाभर परत करायची नाही, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याला सोबत घेऊनच हिरवळीचे फोटो काढून ठेवायचे.