एकाच आडनावाचं रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

हेंड्रिक्ये फान आंदेल-शिपर. नाव जिभेला जरा जड आहे, म्हणून आपण त्यांना हेंड्रिक्ये आजी म्हणू. जन्म १८९० सालचा, नेदरलँड्समधला. २००५ साली वारल्या तेव्हा वय ११५, आणि जगातली सर्वांत वयस्क व्यक्ती म्हणून त्यांची नोंद होती. इतकं आयुष्य कशामुळे लाभलं असं कुणी विचारलं, की आजी हेरिंग माशाचं नाव घ्यायच्या. मालवण-रत्नागिरीकडच्या श्रोत्यांना हे लगेच पटेल! वयाच्या ८२व्या वर्षी त्यांनी देहदानाचा निर्णय घेतला होता. पुढे १११व्या वर्षी त्यांनी स्वतःच विद्यापीठात फोन करून विचारलं, की माझ्यासारख्या इतक्या म्हाताऱ्या देहाचा तुम्हाला काही उपयोग होईल ना?

उपयोग झाला. २०१४ साली त्यांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजींच्या रक्तातल्या सुमारे दोन तृतीयांश पांढऱ्या पेशी केवळ दोन मूलपेशींच्या वंशातल्या निघाल्या.

यात नवल काय, ते सांगतो. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते आणि तिथं रक्त तयार होतं. तांबड्या पेशीच म्हणाल, तर दर सेकंदाला वीस लाखांच्या पुढे. हे सगळं उत्पादन ज्या मूलपेशींवर चालतं, त्या एका माणसात साधारण ५० हजार ते २ लाख असाव्यात असा अंदाज आहे. तरुणपणी हे हजारो वंश एकत्र नांदत असतात, कुणा एकाचा वरचष्मा नसतो. मग वय वाढतं. पेशीची दर विभागणी म्हणजे जनुकांच्या पोथीची एक नक्कल, आणि नक्कल करताना कुठेतरी एखादं अक्षर चुकणारच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. एखादी चूक मात्र त्या पेशीला इतरांपेक्षा थोडी अधिक चिवट करते. तिची पिल्लं जास्त टिकतात, त्यांची पिल्लं त्याहून जास्त.

एखाद्या खेड्यात गेलं, की निम्मं गाव एकाच आडनावाचं निघतं, हे तुम्ही पाहिलं असेल. कधीकाळी एकच घर होतं, त्याची भावकी वाढत गेली आणि बाकीची घरं कमी होत गेली. म्हाताऱ्या रक्तात हेच घडतं. फरक इतकाच, की पाटीलकी पिढीजात असते आणि हे पिढीजात नाही. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही. तो त्या माणसाच्या हाडातच जन्मतो आणि त्याच्याबरोबर संपतो.

याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर मंडळी त्याला ‘चिप’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

२०१४ सालीच बोस्टनमध्ये सिद्धार्थ जैसवाल, बेंजामिन एबर्ट आणि त्यांचे सहकारी १७ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातली जनुकं तपासत होते. ते शोधात होते रक्ताच्या कर्करोगाच्या पाऊलखुणांच्या. चाळिशीच्या आतल्यांत असे बदल क्वचितच सापडले. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या लोकांत मात्र ९.५ टक्के, आणि नव्वदीच्या पुढे १८.४ टक्के. ज्यांच्यात ते होते त्यांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त होता, आणि ते अपेक्षितच होतं. पण तो कर्करोग मुळात दुर्मीळ. चिप असलेल्यांपैकीही वर्षाला शंभरात अर्धा ते एक जण त्या वाटेला जातो. या लोकांमध्ये एकूण मृत्यू मात्र जास्त होते, आणि कर्करोगाने त्यांचा हिशेब लागत नव्हता. मग ही माणसं कशाने जात होती? हृदयविकाराने आणि पक्षाघाताने.

रक्ताच्या डॉक्टरांना हृदयाचं दार सापडलं ते असं, शोधत होते भलतंच.

आता कुणी म्हणेल, केसही वयाबरोबर पांढरे होतात आणि झटकाही उतारवयात येतो, म्हणून काय केसांनी झटका येतो? कलप लावून हृदय सुधारत नाही. शंका अगदी रास्त आहे, संशोधकांनाही ती होतीच. तिचं उत्तर २०१७ साली उंदरांनी दिलं.

होझे फुस्टर, केनेथ वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना अस्थिमज्जा दिली. त्या मज्जेतल्या फक्त दहा टक्के पेशींमध्ये ‘टेट-टू’ हे जनुक बंद केलेलं होतं. मग सगळ्या उंदरांना तेच मेदयुक्त खाणं. ज्यांना बदललेली मज्जा मिळाली होती, त्यांच्या धमन्यांतले चरबीचे थर ठळकपणे मोठे झाले. कोलेस्टेरॉल मात्र दोन्ही गटांत सारखंच होतं! म्हणजे फरक चरबीचा नव्हता, ती साफ करायला येणाऱ्या पेशींचा होता. आपल्या पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीतली चरबी गिळायला जातात. टेट-टू बिघडलेल्या पेशी ते काम करता करता आरडाओरडा फार करतात. दाह पेटवणारं ‘इंटरल्यूकिन-वन-बीटा’ नावाचं रसायन त्या वाजवीपेक्षा जास्त सोडतात. आग विझवायला आलेल्यांनीच रॉकेल ओतावं, तसला प्रकार.

त्याच वर्षी जैसवालांच्या गटाचा माणसांवरचा अभ्यासही आला. चिप असलेल्यांना करोनरी हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट दिसला. त्यात तरुण वयात झटका आलेल्यांचे दोन गट होते, आणि त्यातला एक होता पाकिस्तानातला. आपल्याच उपखंडातली माणसं, आपल्यासारखंच खाणंपिणं, आणि आपल्यासारखेच ऐन उमेदीत येणारे झटके. अशा लवकर झटका आलेल्यांमध्ये चिपचा संबंध चौपट दिसला. ‘सिगरेट नाही, साखर नाही, रिपोर्ट नॉर्मल, मग कसं झालं हो?’ हा प्रश्न आपल्याकडे दहाव्याच्या दिवशी हमखास ऐकू येतो. दर वेळी उत्तर मज्जेत असेल असं मी मुळीच म्हणत नाही. तरुणांत चिप विरळाच. पण प्रश्न विचारायला एक नवी जागा मिळाली, एवढं खरं.

नंतर फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी झटक्यानंतर हृदय दुबळं झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास २०१९ साली मांडला. ज्यांच्या रक्तात हे बदल होते, त्यांचं दुखणं पुढे जास्त चिघळलं. म्हणजे ही भावकी ब्लॉकेज वाढवून थांबत नाही, नंतर सावरायच्या वेळीही आड येते असं दिसतं.

आता औषधाची गोष्ट. दाह थोपवणारं ‘कॅनाकिनुमॅब’ हे इंजेक्शन पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांवर तपासलं गेलं. २०१७ साली निकाल आला: मधल्या डोसने पुन्हा झटका किंवा पक्षाघात वगैरे होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले, किंमतही भरमसाट, त्यामुळे हृदयासाठी ते औषध वापरात आलं नाही. पुढे त्याच रुग्णांचे साठवलेले रक्तनमुने कुणीतरी उकरून काढले, तर टेट-टूचा बदल असलेल्यांमध्ये फायदा ६० टक्क्यांच्याही वर दिसला. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. असे रुग्ण मूठभरच होते, आणि मूठभरांवरून गावाचा अंदाज बांधायचा नसतो.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की २०२२ साली सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं, त्यात चिप आणि हृदयविकाराचं नातं आधीच्या मानाने बरंच फिकं दिसलं. वाद मिटलेला नाही. मला यातून एवढंच वाटतं, की सगळ्या चिपला एका मापाने मोजणं हीच गफलत असावी. जनुक कोणतं हे महत्त्वाचं. ‘जॅक-टू’ फार तापट, टेट-टू त्याखालोखाल, आणि सर्वांत जास्त आढळणारं ‘डीएनएमटी-थ्री-ए’ त्या मानाने सौम्य. शिवाय भावकी किती फोफावली आहे, यावरही बरंच अवलंबून असतं.

आपल्या हेंड्रिक्ये आजींचंच पाहा ना. दोन तृतीयांश पांढऱ्या पेशी दोनच घराण्यांच्या, पेशींत सुमारे ४५० बदल साठलेले, आणि तरीही त्या ११५ वर्षं जगल्या. ते बदल बहुतेक निरुपद्रवी जागी होते. आडनाव एकच असलं, तरी माणसं भली निघाली.

पुरुष श्रोत्यांसाठी जाता जाता एक. उतारवयात अनेक पुरुषांच्या काही रक्तपेशी ‘वाय’ गुणसूत्रच हरवून बसतात. २०२२ साली वॉल्श यांच्याच गटाने उंदरांत दाखवलं, की अशा पेशींमुळे हृदयाच्या स्नायूत तंतू वाढून ते कडक होतं. बायका पुरुषांपेक्षा जास्त का जगतात, या जुन्या कोड्याचा एक तुकडा इथे असू शकतो.

कुणी विचारेल, मग आम्ही उद्या लॅबमध्ये जाऊन ही तपासणी करून घ्यायची का? आज तरी नाही. केवळ चिपसाठी म्हणून द्यावं असं मान्यताप्राप्त औषध नाही, आणि नुसता धसका घेऊन झोप तेवढी जाईल. मात्र कर्करोगाच्या जनुकतपासणीत हे अचानक सापडलं, तर रिपोर्ट फाईलमध्ये दाबून ठेवू नका. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, ते अधूनमधून सीबीसी करायला सांगतील. मग रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांच्याकडे इतरांपेक्षा जरा कडक नजरेने बघायला लागेल. आणि बिडी-सिगरेट असेल तर ती सोडायची. ‘एएसएक्सएल-वन’ नावाच्या जनुकातला बदल धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळतो. म्हणजे धूर नुसता फुप्फुसात राहत नाही, पार हाडापर्यंत पोचतो.

नमस्कार.