आपट्याचं पान, रबराचा ठसा

नमस्कार श्रोतेहो.

शरद ऋतूच्या शुभेच्छापत्रासाठी दुकानात जे तयार रबरी शिक्के मिळतात, त्यांवर बहुधा मेपलचं पान असतं. दिसतं सुरेख, पण ते कॅनडा-अमेरिकेतल्या शरदाचं. तिथं दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं, मुळातला पिवळा रंग दिसू लागतो आणि तांबडा तर नव्यानं तयार होतो. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात सह्याद्री अजून हिरवागार असतो, पठारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते. आपल्या शरदाचं पान हवं तर ते दसऱ्याला हातात येतं, आपट्याचं. तेच आज रबरावर कोरू या.

यात माझा थोडा स्वार्थ आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ओरबाडलेल्या फांद्यांचे ढीग लागतात, आणि त्यात आपट्याच्या नावाखाली कांचनही खपतो. कागदावरचं सोनं लुटलं तर झाड तरी शाबूत राहतं.

कागद-पेन्सिल घेऊन बसला असाल तर सावकाश सांगते.

एक मोठा, पांढरा, मऊ खोडरबर घ्या. आपट्याचं एकच पान बटर पेपरखाली ठेवून पेन्सिलीनं गिरवा: दोन पाकळ्या, मधली खाच, देठापासून पसरणाऱ्या शिरा. आता बटर पेपर रबरावर पालथा ठेवा आणि नखानं घासा. चित्र रबरावर उतरतं, तेही उलटं. उमटवल्यावर ते सुलट होतं. पानाला याचा फरक पडत नाही. पण ‘शुभ दसरा’ कोरायचं ठरवलंत तर सगळी मदार या पालथ्या कागदावर आहे.

कोरताना पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा. रेषेच्या खालून रबर पोखरलं गेलं, तर पहिल्याच दाबाला ती रेष वाकते किंवा तुटते. कटर मोठ्यांनीच हाताळावा. मुलांना भेंडीचे ठसे द्या, ती त्यातही खूश असतात.

कार्डासाठी ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध कापा. प्रत्येक अर्ध्याची एक घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड होतं. घडीच्या रेषेवर आधी संपलेलं बॉलपेन पट्टीनं ओढा, म्हणजे कागद फाटल्यासारखा दुमडत नाही. पुण्यात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद मला फार आवडतो, पण खरखरीत कागदावर बारीक शिरा तुटक उमटतात. अशा वेळी गुळगुळीत कागदावर ठसा घ्यायचा आणि तो तुकडा हातकागदावर चिकटवायचा.

आता रंग. खरी मजा इथं आहे. ऑफिसातलं जांभळं पॅड चालतं, पण त्याचं पान ग्रामपंचायतीतून आल्यासारखं दिसतं! हिरवं पॅड घ्या. शिक्का पॅडवर घासू नका, हलके टिपा. मग स्पंजाच्या तुकड्यानं फक्त कडांना थोडा तपकिरी रंग लावा आणि शिक्का सरळ खाली दाबून सरळच वर उचला. लगेच, पुन्हा शाई न लावता, शेजारी दुसरा ठसा घ्या. तो फिकट येतो. गडद पान पुढे, फिकट पान मागे, अशी आपोआप खोली येते. पानांमागे पान दाखवायचं असेल, तर पहिल्या ठशावर त्याच आकाराचं कापलेलं कागदी पान झाकण म्हणून ठेवा आणि त्याच्या कडेवरून दुसरा ठसा मारा.

सोनेरी रंग हवाच असेल तर पिगमेंट शाईचं पॅड मागा. ती कागदात फारशी मुरत नाही, वर बसते, म्हणून उठून दिसते. पण वाळायलाही वेळ घेते. गुळगुळीत कागदावर रात्रभर राहू द्या आणि मगच पाकिटात घाला.

काम झालं की शिक्का ओल्या फडक्यानं पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. आणि हे खोडरबर बहुतेक प्लास्टिकचे असतात, प्लास्टिकच्या डब्यात ठेवले तर डब्यालाच चिकटून बसतात. साध्या कागदात गुंडाळा. पुढच्या दसऱ्याला तोच शिक्का, नवी शाई.