महिन्याला किती, यापेक्षा एका बैठकीत किती

समजा, दोघेजण आहेत. एकजण रोज रात्री जेवताना ३० मिलीचा एक पेग घेतो. दुसरा आठवडाभर थेंबालाही शिवत नाही, पण शनिवारी मित्रांबरोबर बसला की एक क्वार्टर आणि वर एक पेग घेतो. हिशेब केला तर दोघांचीही आठवड्याची दारू २१० मिलीच भरते. दवाखान्यात विचारलं तर दुसरा मोकळेपणानं सांगतो, "फक्त शनिवारी घेतो, डॉक्टर." ते खोटं नसतं. पण त्या एका रात्री त्याच्या शरीरावर काय गुदरतं, ते या उत्तरातून कळत नाही.

म्हणून आधी मोजायला शिकू या. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असं मानणारे पुष्कळ भेटतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार पेगांएवढी. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेण्याला अतिसेवन धरते. म्हणजे एका बैठकीत क्वार्टर संपली की ती रेषा गाठलीच. घरी पेग ओतताना बाटलीच्या बुचाचा किंवा बोटाचा अंदाज चालत नाही. मोजायचं तर मापानंच मोजा.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकाली काढू शकतं. लिंबू, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही. झोपेनंही नाही. रात्री नऊला बसून सात पेग घेतलेल्या माणसानं पहाटे चारला गाडी काढली, तर रक्तातलं प्रमाण कायद्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा, जास्त असू शकतं. आपण शुद्धीवर आहोत असं त्याला मनापासून वाटत असतं.

यकृताच्या आवाक्याबाहेरची दारू रक्तात फिरत राहते. रक्तदाब चढतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, ते नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. सुट्टीच्या दिवशी भरपूर पिऊन आलेल्या रुग्णांत हे दिसतं, असं १९७८ मध्ये अमेरिकेत नोंदवलं गेलं आणि त्याला 'हॉलिडे हार्ट' हे नावच पडलं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. शिवाय अपघात आहेत, बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाणं आहे. बेशुद्ध पडलेल्याला उताणं ठेवू नका. कुशीवर वळवा, जवळ थांबा. हाक मारून, हलवूनही उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

मग रोजचा एक पेग बरा का? नाही. थोडी दारू हृदयाला चांगली, हा समज ज्या जुन्या पाहण्यांवर उभा राहिला, त्यांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली गेली होती. त्यामुळे पिणारे उगाच निरोगी दिसले. चीनमध्ये पाच लाखांहून जास्त लोकांवर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिथे अनेकांना जन्मजात जनुकामुळे दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. त्या जनुकांच्या आधारे तुलना केली तेव्हा थोड्या दारूनं पक्षाघातापासून संरक्षण मिळतं, असं काही दिसलं नाही. कॅन्सरच्या बाबतीत तर धोका पहिल्या पेगापासूनच सुरू होतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, इतक्या ठिकाणी दारूनं कॅन्सर होतो. सोबत तंबाखू असेल तर तोंड-घशाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. महाराष्ट्रात दारू आणि तंबाखू किती जणांच्या खिशात शेजारी शेजारी असतात, हे पाहिलं की काळजी वाटते.

रिकाम्या पोटी घेतलेली दारू झटकन लहान आतड्यात उतरते आणि रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. जेवणामुळे हा वेग मंदावतो, पण ग्रॅम तेवढेच राहतात. खारट चकण्यानं तहान वाढते, ग्लास लवकर रिकामा होतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: दारूमुळे यकृताचं नवीन साखर बनवण्याचं काम थांबतं. न जेवता झोपलं तर पहाटे साखर धोकादायक खाली जाते, आणि घाम, बडबड, झिंग पाहून घरच्यांना वाटतं, उतरलेली नाही. अशा वेळी ग्लुकोमीटरनं साखर तपासा.

आता ज्याला सकाळी उताऱ्याशिवाय हात स्थिर होत नाहीत त्याच्याविषयी. अशा माणसाची दारू घरच्यांनी एका दिवसात बंद करू नये. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो, आणि यात जीवही जातो. हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हा त्रास आवरणाऱ्या गोळ्या देऊन आणि त्यांचा डोस रोज थोडा थोडा उतरवत करायचे असतात. आणि ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना किती वर्षं, रोज किती घेतो हे स्पष्ट सांगा. लपवू नका. अशा रुग्णाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.