खाटकाची गाठ

[दृश्य: स्टीलचं लांब टेबल. त्यावर हाडं काढलेलं, पोटाकडून उघडलेलं डुक्कर. पांढरे एप्रन घातलेले दोन कामगार.]

रोमच्या आग्नेयेला साधारण २५ किलोमीटरवर, आल्बान टेकड्यांत, आरिच्चा नावाचं छोटं गाव आहे. प्राचीन रोमनांचा आप्पियन रस्ता इथूनच जातो. चौकात सतराव्या शतकातल्या बेर्निनी या शिल्पकार-वास्तुकाराने बांधलेलं गोल घुमटाचं चर्च आहे, समोर कीजी घराण्याचा राजवाडा आहे. पण सुट्टीच्या दिवशी रोमहून गाड्या भरून माणसं येतात ती यातल्या कशासाठीच नाही. ती येतात पोर्केत्ता खायला.

पोर्केत्ता म्हणजे आतली हाडं काढून, मीठ, मिरी, लसूण आणि रोझमेरी चोळून, दोऱ्याने आवळून भाजलेलं अख्खं डुक्कर. अख्खी पोर्केत्ता २७ ते ४५ किलोंची, नुसत्या मधल्या भागाची केली तर ७ ते १३ किलोंची. आरिच्चात १९५० पासून तिची जत्रा भरते, आणि २०११ मध्ये युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकनही दिलं. मिठाबद्दल, मिरीबद्दल इथला माणूस तासभर बोलेल. दोऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आज आपण फक्त दोऱ्याबद्दल बोलणार आहोत.

[दृश्य: हाताने मसाला चोळला जातोय. मग दोन्ही बाजू उचलून मांस मिटवलं जातं.]

हाडं निघाली की जनावराचा आकार जातो. टेबलावर उरते ती कुठे चार बोटं, तर कुठे एक बोट जाडीची मांसाची चादर. बरगड्यांनी आणि कण्याने इतके दिवस जे धरून ठेवलं होतं, ते आता दुसऱ्या कोणीतरी धरायला हवं. ते काम दोऱ्याकडे येतं.

हे काम नुसतं देखणेपणाचं नाही. भट्टीतली उष्णता बाहेरून आत जाते, आणि फार सावकाश जाते. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे एक टोक फुगीर आणि दुसरं निमुळतं राहिलं, तर जाड भाग शिजेपर्यंत पातळ भागाचं चामडं होतं. सगळीकडे सारखी जाडी आणायची तर दंडगोल करायचा, आणि दंडगोल टिकवायचा तर बांधायचं. शेपटाकडचा निमुळता भाग असेल तर तो आधी खाली दुमडून घ्यायचा. तो तसाच ठेवून कितीही दोरा गुंडाळला तरी जाडी काही वाढत नाही.

[दृश्य: कॅमेरा हातांवर. रिळावरून दोरा सुटतोय.]

आता गाठ. अख्ख्या डुकराला कामगार जाड सुईने टाकेही घालतात, पण गाठ नीट दिसायची तर लहान तुकडा बरा. म्हणून आपण डुकराच्या पाठीचा, हाड काढलेला दोनेक किलोंचा तुकडा घेऊ.

दोऱ्याला दोन बाजू आहेत: एक रिळाला जोडलेला पदर, दुसरं मोकळं टोक. टोक मांसाखालून पलीकडे सारायचं, पलीकडून वर घ्यायचं आणि मांसावरून आपल्याकडे आणायचं. दोन्ही पदर आता आपल्या पुढ्यात भेटले. मोकळं टोक रिळाच्या पदराभोवती एकदा फिरवायचं, स्वतःच्याच दोऱ्यावरून न्यायचं, आणि झालेल्या वेढ्यातून बाहेर काढायचं. टोक ओढलं की बारीकशी गाठ तयार होते. पण ती मांसावर बसलेली नसते, रिळाच्या पदरावर बसलेली असते. इथेच तिची सगळी हुशारी आहे.

कारण आता रिळाचा पदर ओढला की गाठ त्याच्यावरून सरकत खाली येते आणि फास आवळत जातो. हात सोडला तरी फास उलगडत नाही. दोऱ्याला दोऱ्याचं घर्षण धरून ठेवतं. मांस थोडं दाबून, आकार पाहून, पुन्हा ओढता येतं. फास वाकडा बसला असेल तर सरळ करता येतो. हवा तेवढा ताण आला की रिळाच्या पदराचा एक वेढा बोटांवर करून तो मोकळ्या टोकावर चढवायचा आणि खाली ओढायचा. हे कुलूप. ते बसलं की मग गाठ कुठेच जात नाही. दोरा कापायचा, पुढचा फास घ्यायचा.

आपण एरवी पार्सलावर मारतो ती साधी निरगाठ इथे का चालत नाही, तर पहिली अढी मारून दुसरी मारेपर्यंत पहिली ढिली पडते. पार्सलाच्या वेळी घरातलं कोणीतरी येऊन गाठीवर बोट ठेवतं. खाटकाकडे ते तिसरं बोट नसतं, आणि त्याचे हात चरबीने माखलेले असतात. खाटकाच्या गाठीला मदतनीस लागत नाही.

हिचे भाऊबंद पुष्कळ आहेत. क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकी चित्रकाराने १९४४ मध्ये ३,८०० हून अधिक गाठींचा कोश काढला. त्यात गाठी धंद्यांप्रमाणे लावून दाखवणारं एक प्रकरण आहे आणि खाटकांच्या गाठी त्यात आहेत. एकीत टोक एक वळसा जास्त घेतं, त्यामुळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रचना होते आणि ती जास्त घट्ट धरते. तिला पॅकर्स नॉट म्हणतात. प्रत्येक दुकानात, किंबहुना प्रत्येक हातात थोडी वेगळी गाठ दिसते, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. यातली बहुतेक भांडणं निरर्थक आहेत. गाठीने एका दिशेने सरकावं आणि सोडल्यावर थांबावं, एवढंच पाहायचं.

[दृश्य: पहिला फास मधोमध. मग दोन्ही टोकांना.]

फासांचा क्रम मात्र निरर्थक नाही. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाकडे गेलं तर मांस पुढे पुढे ढकललं जातं आणि शेवटी एक बोंगा उरतो. म्हणून अनेक खाटीक पहिला फास मधोमध घालतात, मग दोन्ही टोकांना एकेक, आणि मग मधल्या जागा भरतात. दोन फासांत दोन बोटांचं अंतर.

आणि ताण किती? नवशिक्या इथेच चुकतो, आणि चुकतो तो नेहमी घट्ट करण्याच्या बाजूने. बांधलेलं मांस थंड असतं, मऊ असतं, ते दबतं. भट्टीत ते तसं राहत नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्नायूंभोवतीच्या पडद्यांतलं कोलॅजन नावाचं प्रथिन आकसायला लागतं, तंतू लांबीत आखूड होतात, आणि लांबीत आखूड झालेला तुकडा घेरात फुगू पाहतो. फास जास्त आवळला असेल तर दोरा मांसात रुततो, फासांच्या मधे मांस उशीसारखं वर येतं, आणि आवळलेल्या जागेतून रस पिळला जातो. फास नुसता अंगाला टेकलेला असावा, खाली बोटाचं टोक जेमतेम सरकावं. कुशल हाताने बांधलेला तुकडा भट्टीत जाण्यापूर्वी किंचित ढिला वाटतो. पाहणाऱ्याला वाटतं, हे सुटणार. नाही सुटत.

दुसरी पद्धत आहे एकाच लांब दोऱ्याची. पहिली गाठ टोकाला मारायची, मग दोरा न कापता हातावर वेढा करून मांसावर चढवायचा, ओढायचा, पुढचा वेढा, असं दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मग तुकडा उलटा करून दोरा पाठीवरून आडव्या पदरांना अडकवत परत आणायचा. हे पाहायला फार छान दिसतं, म्हणून स्वयंपाकाच्या व्हिडिओंत हेच जास्त असतं. वेगही चांगला येतो. पण दोरा एका जागी तुटला की ढिलेपणा शेजारच्या वेढ्यांत पसरतो. सुटे फास एकमेकांवर अवलंबून नसतात. ताटात वाढताना एकेक कापत जाता येतं, उरलेलं मांस बांधलेलंच राहतं. माझं मत सुट्या फासांच्या बाजूने आहे.

[दृश्य: दोऱ्यांची रिळं. सुती, ताग, नायलॉन.]

दोरा सुतीच हवा, न रंगवलेला, जाडसर. बारीक दोरा सुरीसारखा मांस कापतो आणि बोटंही. तागाच्या सुतळीचे तंतू मांसाला चिकटतात आणि तिचा वास जात नाही. प्लॅस्टिकची सुतळी तर विचारायलाच नको: ती सहसा ज्याची असते ते पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं आणि भट्टी असते १८० ते २०० वर. निखाऱ्यावर भाजायचं असेल तर सुती दोरा आधी पाण्यात भिजवून घेतात, म्हणजे तो लगेच करपत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बांधताना विसरली जाते. गाय किंवा मेंढीच्या अख्ख्या, न कापलेल्या तुकड्यात जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर, म्हणून बाहेरून नीट भाजला की आत थोडा गुलाबी राहिला तरी सहसा भागतं. पण हाड काढून, उघडून, सारण भरून मांस गुंडाळलं, की बाहेरचा पृष्ठभाग आत गेला. दोऱ्याने आपण जंतूसुद्धा मधोमध बांधून ठेवले. म्हणून ब्रिटनमध्ये गुंडाळलेलं मांस आतपर्यंत पूर्ण शिजवायला सांगतात, आणि अमेरिकेत सारणाचा मध्य ७४ अंशांपर्यंत तापवायला सांगतात.

[दृश्य: सुपरमार्केटचं शीतकपाट. लवचिक जाळीत घातलेलं मांस.]

आता बहुतेक मोठ्या दुकानांत दोरा नाही, लवचिक जाळी आहे. नळीवर चढवलेल्या जाळीत मांस सारलं की काही सेकंदांत काम झालं. जाळीला नावं ठेवायचं कारण नाही, हजारो तुकडे रोज बांधायचे तर गाठी मारत कोण बसणार. पण कुठे किती दाबायचं, हे जाळीला कळत नाही. आणि काढताना वरची खरपूस साल तिच्याबरोबर येते. ज्या पदार्थाची अर्धी किंमत सालीत आहे, त्याच्यासाठी हा सौदा वाईट.

[दृश्य: मटणाचं दुकान. लाकडी ओंडका, सत्तूर.]

महाराष्ट्रात ही गाठ का रुजली नाही, याचं उत्तर ओंडक्यावर आहे. आपला खाटीक हाड काढत नाही, तोडतो. नळी, बरगडी, मान, सगळं हाडासकट रश्श्यात जातं, चवही तिथूनच येते. अख्खी रान, म्हणजे मागची मांडी, भाजायला घेतली तरी तिचं हाड आतच असतं. जिथे हाड आहे तिथे दोऱ्याला काम नाही.

गोव्यात थोडं वेगळं दिसतं. तिथल्या ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला मांसाच्या पातळ कापांत सारण घालून गुंडाळ्या करतात आणि त्या दोऱ्याने बांधून शिजवतात. पोर्तुगीज वळणाचा स्वयंपाक, आणि दोरा शिवणाच्या डब्यातला. गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेजही दोऱ्यानेच आवळून, माळ करून बाजारात टांगलेले असतात. आणि मांसाहार न करणाऱ्या मराठी घरातही भरल्या कारल्याला दोरा गुंडाळणारा हात असतोच. बिया काढल्या, पोट उघडलं, सारण भरलं, आता आकार धरायला काहीतरी हवं, हा प्रश्न तोच.

[दृश्य: आरिच्चा. भट्टीतून पोर्केत्ता बाहेर येते. साल तांबूस, फासांच्या मधे फुगलेली.]

कित्येक तास भाजल्यावर पोर्केत्ता बाहेर येते. दोरा आता तपकिरी झालाय, चरबी पिऊन कडक झालाय. लगेच कापला तर सगळं उलगडेल, म्हणून आधी निवू देतात. निवताना आतली वितळलेली चरबी आणि जिलेटिन घट्ट होतं आणि दोऱ्याचं काम ते आपल्याकडे घेतं. मग विक्रेता पुढचे फास कापतो, तेवढ्याच भागाच्या चकत्या पाडतो, गिऱ्हाईक वाढलं की पुढचे. दोन-किलोवाला तुकडा घरी केला असेल तर बांधताना फास मोजून ठेवावेत आणि कापताना पुन्हा मोजावेत, म्हणजे एखादा कोणाच्या घासात जात नाही.

[दृश्य: पावात भरलेल्या चकत्या. कागदात गुंडाळून हातात.]

पावात मांस भरपूर घालतात. सालीचा कुरकुरीत तुकडा हवा असेल तर मात्र तोंडाने मागा.